चाकांवरचे माहेर



दिवसभराचे काम आटोपून, घर निजल्यावर तुम्ही हे पान उघडले असेल. अभ्यासासाठी घरात थोडी जागा मिळवणे किती कठीण असते, हे तुम्हांला सांगायला नको. मी सांगणार आहे ती हकीगतही अशाच एका जागेची, एका रात्रीपुरत्या जागेची आहे. माझ्या आईला तिच्या माहेरी एक रात्र काढायची होती, आणि त्या माहेरी आता घर उरलेले नव्हते.

कर्जत तालुक्यातील कशेळे हे बाजाराचे गाव. कर्जतहून मुरबाडकडे जाणारा रस्ता येथून जातो आणि येथूनच एक वाट पूर्वेला, भीमाशंकराच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या खांडसकडे वळते. त्या बाजूच्या एका लहानशा गावात आईचा जन्म झाला. आजोबा भातशेती करीत. मामा मुंबईला गिरणीत लागला. १९८२ च्या संपानंतर तो हात हलवीत परत आला आणि पुढच्या काही वर्षांत खाचरे एकेक करून विकली गेली. आजी गेल्यावर घराला कुलूप लागले. कोकणातल्या पावसात कुलूपबंद घर फार काळ उभे राहत नाही. आधी कौले सरकतात, मग वासे भिजून कुजतात, शेवटी मातीची भिंत जागच्या जागी बसते. दहाबारा पावसाळ्यांत जोते तेवढे शिल्लक राहिले.

आई दर श्रावणात म्हणायची, "एकदा नागपंचमीला जाऊन येऊ." लेकींनी माहेरी यायचे ते या सणाला. मी दरवेळी उत्तर देत असे, "पावसात कशाला? हिवाळ्यात जाऊ." हिवाळ्यात दुसरी कामे निघत. असे करता करता आईला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले. गुडघे धरले. रात्रीतून तीनदा उठावे लागू लागले. त्या भागात राहण्याच्या सोयी आता पुष्कळ झाल्या आहेत; शेतघरे आहेत, पर्यटकांसाठी खोल्या आहेत. मी तसे सुचवले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पैसे देऊन माहेरी राहायचं?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. तिचे ते गप्प राहणे मला फार लागले.

उपाय अनपेक्षितपणे सुचला. एका परिचिताने आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरचे फिरत्या घरात रूपांतर केले होते. आत दोन बाके होती, रात्री त्यांचे पलंग होत. एक लहान शेगडी, पाण्याची टाकी, आणि कपाटाएवढ्या जागेत शौचालय. गाडी जोत्यासमोर उभी केली, की आईला माहेरच्या अंगणात रात्र काढता येईल, असे माझे गणित होते. परिचिताने चार दिवसांसाठी गाडी दिली. २०२४ च्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, आई, माझी पत्नी आणि मी डोंबिवलीहून निघालो.

हौसेखातर घर बरोबर घेऊन हिंडण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने 'द वाँडरर' ही घोड्यांनी ओढायची घरगाडी बांधून घेतली आणि तिच्यातून लांबचा प्रवास केला. पुढे मोटारी आल्या आणि १९५० नंतर युरोपात अशा गाड्या सामान्य कुटुंबांच्याही आटोक्यात येऊ लागल्या. आपल्या राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. परंतु मित्रहो, घर बरोबर नेणारी माणसे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. धनगर घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे चालतो. याच रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तेथे पालापाचोळ्याच्या झोपडीत सहासात महिने काढतात आणि पावसाच्या तोंडावर आपल्या वाडीत परततात. आपल्याला पावसाळा हा बाहेर पडण्याचा हंगाम वाटतो. त्यांना तो घरी असण्याचा हंगाम. आमच्या गाडीतील गादीवर बसून मी हा विचार करीत होतो, आणि तो मला फारसा सुखाचा वाटत नव्हता.

बदलापूर, नेरळ मागे टाकून आम्ही कर्जतच्या चार फाट्यावर आलो आणि मुरबाड रस्त्याला लागलो. उल्हास नदी तांबड्या पाण्याने भरून वाहत होती. कडावच्या पुढे पावसाने समोरचे सगळे पुसून टाकले. एरवी या रस्त्यावरून सह्याद्रीची भिंत दिसते. त्या दिवशी दिसत होती ती केवळ दोन्ही बाजूंची खाचरे. लावणी आटोपली होती, रोपांनी मूळ धरले होते, आणि काही खाचरांत बाया वाकून बेणणी करीत होत्या. उंच गाडी वाऱ्याने डोलत होती. काचा आतून धुरकटत होत्या आणि पत्नी दर दोन मिनिटांनी फडक्याने त्या पुशीत होती. समोरून एसटी आली, की मी गाडी डावीकडे घेई आणि साईडपट्टीच्या चिखलात चाक रुतणार नाही ना, या धास्तीने श्वास रोखून धरी. आई मात्र खिडकीपाशी बसून प्रत्येक वळण ओळखत होती. "आता आंबा येईल," ती म्हणे. आंबा कधी असे, कधी नसे. नसला, तरी ती त्याच्या जागेकडे पाही.

प्रवासवर्णन म्हटले, की आपल्याला दूरचा प्रदेश आठवतो. पण तुमच्या अभ्यासक्रमात ज्यांचे नाव येते ते विष्णुभट गोडसे याच जिल्ह्यातील, पेण तालुक्यातील वरसईचे. घरची गरिबी दूर व्हावी म्हणून १८५७ मध्ये ते उत्तरेकडे निघाले, बंडाच्या वणव्यात सापडले आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परतले. 'माझा प्रवास' या पुस्तकात झाशी आहे, लढाई आहे. पण जाण्यामागे आणि येण्यामागे घरच आहे. कशेळ्याच्या वाटेवर मला त्यांची आठवण झाली. आमचा प्रवास तर शंभर किलोमीटरचाही नव्हता.

कशेळ्याच्या बाजारात थांबलो. एक ठाकर बाई प्लास्टिकच्या कागदाखाली रानभाज्या घेऊन बसली होती. कुरडू, टाकळा, भारंगी, थोडी कर्टुली. आईने शेवळे मागितली. बाई हसली. "शेवळं आता कुठली आजी? ती पहिल्या पावसाची." आईलाही हसू आले. शेवळे जमिनीतून वर येतात ती ज्येष्ठात, आणि त्यांचा खाजरेपणा जावा म्हणून त्यांत काकड टाकतात, हे तिने मला लहानपणी शंभरदा सांगितले होते. साठ वर्षे शहरात राहून तिचे भाज्यांचे पंचांग चुकले होते. आम्ही भारंगी घेतली आणि पुढे निघालो.

गाव दीड-दोन किलोमीटर राहिले असेल, तेथे ओढा आडवा आला. ओढ्यावर फरशीचा पूल आहे. पुलाच्या कडेला रोवलेले पांढरे दगड पाण्याखाली गेले होते. पलीकडचा चढ दिसत होता आणि त्या चढामागे आईचे गाव होते. मी गाडी थांबवली, पण यंत्र बंद केले नाही. खरे सांगतो, गाडी पाण्यात घालावी असे माझ्या मनात आले होते. इतकी वर्षे टाळले, आणि आता इतक्या जवळ येऊन परत फिरायचे?

डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला एक माणूस शेळ्या हाकीत आला. तो गाडीसमोर उभा राहिला आणि त्याने हात आडवा केला.

"पाणी गुडघ्याएवढंच दिसतंय," मी म्हणालो.

"पाणी दिसतंय," तो म्हणाला. "खाली फरशी हाय का न्हाय, ते कुठं दिसतंय?"

मी आईकडे पाहिले. ती समोर पाहत होती. "मागे घे," ती म्हणाली. पावसात ओढ्याचे ऐकायचे असते, हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. वाहते पाणी फूट-दोन फूट खोल असले, तरी मोटार उचलून नेते. हे मला पुस्तकातून माहीत होते. तिला ते वाहून गेलेल्या माणसांच्या नावांसकट माहीत होते.

आता रात्र कोठे काढायची? त्या माणसाने रस्त्याच्या कडेचे एक मोकळे रान दाखवले, पण ते डोंगराच्या उताराखाली होते आणि मला तेथे थांबवेना. आदल्याच वर्षी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, शेजारच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. माणसे झोपेत होती. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे मातीखालीच राहिली. ती वाडीही ठाकरांचीच. आम्ही शहरातून ज्या हिरव्या डोंगराचे छायाचित्र घ्यायला येतो, त्याच्या पायथ्याशी कोणी तरी त्या डोंगराचा आवाज ऐकत रात्र काढत असते. आम्ही कशेळ्याला परतलो.

तेथे एका भातगिरणीच्या मालकाने आवारात गाडी लावू दिली. जमीन घट्ट होती, कोंड्याचा वास येत होता. चाकांखाली दगड लावून गाडी समतल केली. आईला गाडीत बसून भारंगी निवडता आली, एवढेच त्या दिवशी आमच्या योजनेपैकी जमले. जेवणे झाली आणि वीज गेली. चहूकडे काळोख आणि पत्र्यावर पाऊस.

काळोखात मी आईला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हांलाही सांगतो. येथून जवळच, भिवपुरीला, १९२२ पासून वीज निर्माण होते. घाटमाथ्यावरील आंद्रा नदीचे पाणी मुळात इंद्रायणीला, तेथून भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारे. ठोकळवाडीला धरण बांधून ते अडवले आणि नळांतून घाटाखाली सोडले. जनित्रे फिरवून ते पेज नदीत येते, पेजेतून उल्हासात आणि उल्हासातून अरबी समुद्राला मिळते. म्हणून पेज भर उन्हाळ्यातही आटत नाही.

आई म्हणाली, "म्हणजे सासरी निघालेलीला अर्ध्या वाटेवरून माघारी आणली म्हणायची."

मग तीही बोलू लागली. हीच वीज मुंबईला पोहोचू नये म्हणून १९४२ च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. तेव्हा आई जन्मलेली नव्हती. पण त्या दिवसांत तिची आई रोज चारदोन भाकऱ्या जास्त भाजून ठेवी, असे तिने ऐकले होते. त्या कोणासाठी, हे घरात कधी कोणी विचारले नाही. माझ्या आजीची ही गोष्ट मी वयाच्या पन्नाशीत, एका परक्याच्या आवारात, गाडीत बसून प्रथम ऐकली.

मध्यरात्री गाडीच्या छताची झडप गळू लागली. पाणी थेट आईच्या उशाशी ठिबकत होते. मी ओशाळून उठलो. परिचिताला मनात दोष दिला, स्वतःलाही दिला. आईने मात्र शांतपणे भांड्यांतून एक स्टीलची वाटी काढली, थेंबाखाली ठेवली आणि पाय जवळ ओढून ती भिंतीशी सरकून झोपली.

"आता माहेरी आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

नळीच्या कौलांचे ते घर दर पावसाळ्यात असेच गळत असे. कोणत्या कोपऱ्यात परात ठेवायची आणि कोणत्या कोपऱ्यात तांब्या, हे भावंडांना पाठ होते. वाटीत पडणारा थेंब ऐकत ती निजली. त्या रात्री ती एकदाच उठली.

सकाळी पाऊस ओसरला. ओढ्यावर गेलो, तर पाणी खाली गेले होते, आणि फरशीचा उजवीकडचा, बैलगाडीच्या चाकाएवढा तुकडा तेथे नव्हता. रात्री तो कोणत्या वेळी गेला, कोणास ठाऊक. मी कदाचित नेमका त्याच्यावरूनच गाडी घातली असती. शेळ्यांचा तो माणूस आणि त्याचा मुलगा पलीकडे उभे होते. त्यांनी काही न बोलता घरून एक प्लास्टिकची खुर्ची आणली, आईला तिच्यात बसवले आणि उरलेल्या फरशीवरून उचलून नेले. पत्नी मागून छत्री धरून चालत होती. ज्या गाडीच्या जोरावर आम्ही माहेर गाठणार होतो, ती अलीकडच्या काठावर राहिली.

जोत्यावर तेरडा माजला होता. दाराची दगडी पायरी तशीच होती. माजघराच्या जागी जमिनीत बसवलेले उखळ होते आणि ते पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरले होते. आईने खुर्ची त्याच्याजवळ ठेवायला लावली, वाकून त्या पाण्यात हात घातला आणि तो तेथेच राहू दिला. ती रडली नाही. मला वाटते, ती उखळाचा तळ चाचपून पाहत होती.

शेजारच्या घरातून काठी टेकीत एक म्हातारी आली. तिने डोळ्यांवर हात धरून आईकडे पाहिले आणि एक नाव घेतले. ते नाव मी कधीही ऐकले नव्हते. क्षणभर मला वाटले, तिची ओळखण्यात चूक झाली. पण आईने मान वर केली आणि "ओ" दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने नव्हे, हाक ऐकून धावत येणाऱ्या मुलीने द्यावी, तशी ती "ओ" होती.

पुढचे लवकर सांगतो. नागपंचमीचा दिवस, चूल होती, पण चिरणे-तळणे नव्हते. हळदीच्या पानांतल्या गरम पातोळ्या आल्या. दोघी तासभर बोलत बसल्या. गेलेल्यांची मोजणी झाली. निघताना म्हातारीने सुनेला आत पाठवून नारळ, खण आणि सुपात तांदूळ आणवले. आईने पदर मागे घेतला. "माझी कशी भरतेस? माझं कपाळ मोकळं आहे."

"ते सासरचं," म्हातारी म्हणाली. "लेकीची ओटी कशी भरायची नाही? घे. तुझ्या बापाच्या खाचरातले तांदूळ आहेत."

मामाने विकलेले एक खाचर त्यांनीच घेतले होते. आईने पदर पसरला.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. चार फाटा आला, तेव्हा मी आईला विचारले, की ते नाव कोठे लिहिलेले आहे का. ती म्हणाली, "शाळेत असेल. चौथीपर्यंतचं." मग पत्नी बोलली. तिचेही माहेरचे नाव वेगळे होते. लग्नात ताटात तांदूळ पसरून, त्यांवर अंगठीने, तिचे नवे नाव मीच लिहिले होते. ते ताट मला चांगले आठवते. त्या वेळी त्या तांदळांखाली काही झाकले जात आहे, असे माझ्या मनातही आले नव्हते. आईच्या मांडीवर ओटीचे तांदूळ होते आणि ती एकेक दाणा बोटांनी सारखा करीत होती.

म्हातारीने ज्या नावाने हाक मारली, ते नाव मी येथे लिहीत नाही. ते आईचे आणि त्या गावाचे आहे. घर पडले, शेत गेले, पूलही तुटला. ते नाव मात्र एका माणसाच्या तोंडी शाबूत होते, आणि ते ऐकण्यासाठी आईला तेथे जायचे होते. एवढे कळायला मला तीस श्रावण लागले.

मित्रहो, प्रवेशअर्ज भरताना दाखल्यावरचे नाव आणि आजचे नाव वेगळे असल्यामुळे प्रतिज्ञापत्र जोडावे लागलेल्या कित्येक विद्यार्थिनी तुमच्यात असतील. त्या कागदाकडे केवळ कचेरीची कटकट म्हणून पाहू नका. ज्यांच्या घरी आई किंवा आजी आहे, त्यांनी तिचे पहिले नाव तिला विचारावे, आणि त्या नावाने तिला हाक मारणारे कोणी अजून आहे का, तेही विचारावे. असेल, तर तिला तेथे घेऊन जावे. पावसाळा संपण्याची वाट पाहू नये.